कोपासी बरेच महिने वापरलं, आता सविस्तर रिव्ह्यू

सिस्टिम्स बायोलॉजीत, म्हणजे पेशीतल्या क्रिया गणिती मॉडेलमध्ये मांडून अभ्यासण्यात, शिरायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, आधी पायथन शिका नाहीतर मॅटलॅब शिका. ज्यांचा दिवस पिपेट आणि जेल यातच संपतो त्यांनी काय करायचं? माझं उत्तर आता कोपासी असं आहे, म्हणजे कोड न लिहिता अशी मॉडेल्स बांधून चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि 1993 मधल्या गेपासी नावाच्या सॉफ्टवेअरचा हा वारसदार, त्यामुळे आतलं गणित चांगलं मुरलेलं आहे. दिसायला जुनाट वाटतं खरं, पण त्याची सवय होते.

काम सोपं आहे. डावीकडच्या यादीतून रिॲक्शन उघडायची आणि सरळ टाइप करायची, ए, बाण, बी. बाणाच्या जागी बरोबरचं चिन्ह टाकलं की ती दोन्ही दिशांनी चालते, आणि सेमीकोलननंतर जे लिहाल ते मॉडिफायर, म्हणजे स्वतः न संपता वेग कमीजास्त करणारं. मग रेट लॉ, म्हणजे वेगाचं सूत्र, निवडायचा, मास ॲक्शन (वेग घटकांच्या प्रमाणात), मायकेलिस-मेंटेन (एन्झाईमचं नेहमीचं सूत्र) किंवा आपण लिहिलेला, बाकी समीकरणं ते मागच्या मागे मांडून घेतं. मला सगळ्यात जास्त फायदा इथेच झाला, कारण फळ्यावर आपण एक प्रोटीन दुसऱ्याला दाबतं म्हणून आडवी दांडी काढतो आणि पुढे जातो, इथे मात्र ठरवावंच लागतं की दाबतं म्हणजे व्हीमॅक्स (एन्झाईमचा कमाल वेग) कमी करतं की केएम (निम्म्या कमाल वेगासाठी लागणारी सब्स्ट्रेटची, म्हणजे एन्झाईम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची, पातळी) वाढवतं, आणि निम्मा वेग व्हायला ते दाबणारं प्रोटीन किती लागतं. निम्म्या वेळा लक्षात येतं की हे लॅबमध्ये कुणी मोजलेलंच नाही!

सुरुवात कोऱ्या फाइलने करू नका. बायोमॉडेल्स या डेटाबेसमध्ये छापून आलेल्या पेपरांची मॉडेल्स एसबीएमएल या मॉडेल्सच्या सामायिक फॉरमॅटमध्ये मिळतात, ती कोपासीत थेट उघडतात. खोलोडेंकोचं 2000 सालचं मॅप कायनेजचं मॉडेल घ्या (कायनेज म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट चढवणारं, फॉस्फोरिलेशन करणारं एन्झाईम), दहाच रिॲक्शन आहेत, तीन मजल्यांचा कॅस्केड, म्हणजे एकाने दुसऱ्याला चालू करायची साखळी, आणि शेवटचं कायनेज उलट वर जाऊन पहिल्या पायरीला आवरतं. टाइम कोर्स (वेळेनुसार काय बदलतं ते दाखवणारं सिम्युलेशन) चालवला की फॉस्फोरिलेशन वरखाली झुलत राहतं, कोणी बाहेरून हलवत नसताना. आता तो फीडबॅक सैल करा, झुलणं थांबतं आणि सगळं एका पातळीला जाऊन बसतं. पेपर वाचून हे कळतं, पण आकडा स्वतः सरकवून बघितल्यावर डोक्यात जे बसतं ते वेगळंच. आणि पेपरावर आंधळा विश्वास ठेवू नका हेही सांगून ठेवतो, 2021 मध्ये 455 मॉडेल्स तपासून बघितली गेली तेव्हा जवळपास निम्मी पेपरातल्या माहितीवरून पुन्हा तशीच चालवता आली नाहीत. कुठे चिन्ह चुकलेलं, कुठे सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशनच दिलेलं नाही.

नवीन माणूस हमखास अडकतो तो युनिट्सवर. साधं मॉडेल चाललं म्हणून खुशीत स्टोकॅस्टिक मोडला (जिथे एकेक रेणू मोजून रिॲक्शन योगायोगाने घडवतात) गेलात की रेणूंची संख्या फार मोठी आहे म्हणून ते नकार देतं. कारण कंपार्टमेंटचा, म्हणजे रिॲक्शन जिथे घडतात त्या जागेचा, आकार तुम्ही बदललेलाच नसतो, मिलिलिटर किंवा लिटरमध्ये असतो, आणि तेवढ्यात अब्जावधींच्या पुढचे रेणू बसतात. बॅक्टेरियाची पेशी साधारण 1 फेम्टोलिटरची, तिथे 1 नॅनोमोलर म्हणजे हिशेबाने 0.6 रेणू, म्हणजे सरासरी एक पूर्ण रेणूसुद्धा नाही! हे कळलं की मग जनुकाच्या कामात इतका गोंगाट का असतो ते वेगळं समजवायला लागत नाही. दोन्ही दिशांच्या रिॲक्शनही आधी सुट्या कराव्या लागतात, त्यासाठी टूल्समध्ये सोय आहे.

मेटाबॉलिक कंट्रोल ॲनालिसिस हे अजून एक लाडकं बटण. पाथवेत एकच रेट लिमिटिंग स्टेप (सगळ्याचा वेग ठरवणारी पायरी) असते हे आपण सगळे घोकून आलोय, पण कॅक्सर आणि बर्न्स यांनी 1973 मध्येच दाखवलं की नियंत्रण सगळ्या एन्झाईममध्ये वाटलेलं असतं आणि फ्लक्सच्या, म्हणजे पाथवेतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या, त्या सगळ्या कोएफिशियंटची (प्रत्येक एन्झाईमचा नियंत्रणातला वाटा) बेरीज 1 येते. कोपासी तो तक्ता क्षणात काढून देतं. एखादं एन्झाईम निम्मं करा, फ्लक्स जेमतेम हलतो, म्हणूनच एन्झाईमची बरीच म्युटेशन्स रिसेसिव्ह असतात, जनुकाची एक चांगली प्रत असली की परिणाम दिसत नाही.

आता पॅरामीटर एस्टिमेशन, म्हणजे डेटावरून मॉडेलमधले आकडे शोधणं, ज्यासाठी बहुतेक लोक हे डाउनलोड करतात आणि माझ्या मते जे सगळ्यात जपून वापरायला हवं. डेटाची फाइल द्या, वेळेचा कॉलम कोणता, मोजलेला कोणता ते सांगा, मग पार्टिकल स्वॉर्म, जेनेटिक अल्गोरिदम, लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट अशा शोधायच्या पद्धतींची मोठी यादी आहे, त्यातली एक निवडा. रेघ ठिपक्यांवरून इतकी सुंदर जाते ना, की लगेच स्लाइड बनवावीशी वाटते. थांबा. सुरुवातीच्या किमती रँडम ठेवून तेच पुन्हा चालवा, रेघ तशीच सुंदर आणि पॅरामीटर मात्र कितीतरी पट वेगळे असं होऊ शकतं. सगळ्यात साधं उदाहरण म्हणजे सब्स्ट्रेट केएमपेक्षा खूपच कमी असेल तर डेटातून फक्त व्हीमॅक्स भागिले केएम एवढंच कळतं, दोन्ही सुटे सुटे कळायला वावच नाही, मग ते हवे तसे एकत्र वाढत जातात आणि फिट जागचा हलत नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, निकालात स्टँडर्ड डेव्हिएशनचा कॉलम असतो, आकडे किती पक्के ते सांगणारं फिशर मॅट्रिक्सही मिळतं, फक्त बघणारे कमी. गुटेनकुन्स्ट आणि मंडळींनी 2007 मध्ये दाखवलं की या क्षेत्रातल्या मॉडेल्समध्ये असे ढिले पॅरामीटर सर्रास सापडतात, पण अंदाज तरीही बऱ्यापैकी घट्ट येऊ शकतात. म्हणून मी आता फिटमधून आलेल्या केएमवर भांडत बसत नाही, मॉडेल न दिलेल्या प्रयोगाचं काय सांगतं ते बघतो. अमुक इनहिबिटर टाकला तर शिखर उशिरा येईल म्हणालं ना, मग टाकून बघू.

मर्यादा आहेतच. प्रत्येक कंपार्टमेंट आतून एकजीव ढवळलेलं आहे असं गृहीत धरलं जातं, त्यामुळे पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत जाणारा ग्रेडियंट हवा असेल तर हे तुमचं काम नाही. आणि एका प्रोटीनवर दहा फॉस्फोरिलेशनच्या जागा असतील तर अवस्था होतात 1024, त्या एकेक हाताने टाइप करणार का? तिथे नियम लिहून चालणारं बायोनेटजेन बरं पडतं. स्कॅन खूप वाढले की माऊसचाही कंटाळा येतो, मग बेसिको म्हणून पायथनची लायब्ररी आहे, तीच कोपासीची फाइल उघडते, पाच-सहा ओळींत काम होतं. म्हणजे पायथन शेवटी आलंच, पण तोवर आपल्याला त्याच्याकडून नेमकं काय हवंय ते माहीत झालेलं असतं.