दहा नंबर की बारा नंबर?

ऑस्टिनला शिकायला आलेली आपली पोरं टेक्सास विद्यापीठाची विटकरी जर्सी घ्यायला जातात आणि नंबरापाशी अडतात. दहा म्हणजे व्हिन्स यंग, बारा म्हणजे कोल्ट मकॉय. दोघंही विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे जुने क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल रचणारे, पास फेकणारे.

आकड्यांवर जायचं तर मकॉय घ्या. २००६ ते २००९ अशी चार वर्षं त्याने संघ सांभाळला, ४५ सामने जिंकले. तेव्हा तो राष्ट्रीय विक्रम होता. पासचे एकूण यार्ड १३,२५३. २००८ मध्ये तर त्याने फेकलेल्या शंभरातले जवळपास ७७ चेंडू झेलले गेले. कागदावर हे प्रकरण इथेच मिटतं.

यंगचं फेकणं बघून जाणकार नाकं मुरडायचे. मलिंगासारखा आडवा हात. पण ३२ सामन्यांत हरला फक्त दोन. आणि ४ जानेवारी २००६ची ती रात्र! राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचं रोझ बोल मैदान, समोर सलग ३४ सामने जिंकलेला यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) संघ. सात मिनिटंही उरलेली नाहीत आणि टेक्सास १२ गुणांनी मागे. त्यातून शेवटी १९ सेकंद बाकी असताना चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न. अजून पाच यार्ड पुढे सरकणं भाग होतं. यंगने पास कुणाला द्यायचा ते पाहिलं, कुणी मोकळं दिसेना, मग उजवीकडचा कोपरा धरून स्वतःच आठ यार्ड पळत गेला. टेक्सास ४१-३८ ने जिंकलं. त्या एका सामन्यात त्याने पळून २०० आणि फेकून २६७ यार्ड काढले.

मकॉयलाही विजेतेपदाचा सामना मिळाला, २०१० च्या जानेवारीत, त्याच मैदानावर. पाचव्याच डावपेचाला खांद्यावर आघात झाला आणि हाताची ताकदच गेली. समोरच्या अलाबामा संघाने ३७-२१ ने हरवलं. यात त्याचा काय दोष? काहीच नाही. तरी माझ्या यादीत तो दुसराच.

टेक्सासच्या त्याआधीच्या क्वार्टरबॅकपैकी जेम्स स्ट्रीट २० पैकी २० जिंकला, पण त्या संघाची खरी ताकद पळणाऱ्यांत होती. बॉबी लेनची गोष्ट वेगळी. १९४६च्या कॉटन बोल सामन्यात संघाच्या चाळीसही गुणांत त्याचा हात होता: तीन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्याचे सहा गुण) पळून, दोन पास देऊन, एक झेलून, वर एकेका गुणाच्या चार किका. तिसरा नंबर त्याचा, चौथा स्ट्रीट.

मी दहा नंबर घेतला. रूममेटने बारा घेतला, आणि कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाविरुद्ध मकॉयने चारपैकी तीन सामने जिंकले, हे तो मला अजून ऐकवतो.