अल्टेप्लेज 50 मिलिग्रॅम: फुप्फुसातल्या गुठळीला उत्तम, डीआयसीत नको

अल्टेप्लेज म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध. खोक्यात पावडरची बाटली, 50 मिली निर्जंतुक पाणी आणि एकातून दुसऱ्यात पाणी सोडायची दुतोंडी सुई. फुप्फुसात मोठी गुठळी अडकून बीपी कोसळलेल्या पेशंटला हे औषध खरोखर वाचवू शकतं. पण अंगभर बारीक गुठळ्या होतात त्या डीआयसीत ते मागवूच नका.

पावसाळ्यात मुंबईच्या वॉर्डांत लेप्टोस्पायरोसिस आणि फाल्सिपॅरम (गंभीर प्रकारच्या) मलेरियाचे असे पेशंट येतात. बोटं काळीनिळी, आणि सुई टोचली तिथून रक्त थांबत नाही. प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) गुठळ्यांतच खर्ची पडलेले असतात. डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे) वाढलेला दिसतो, कारण शरीर स्वतःच गुठळ्या विरघळवत असतं. त्यात वरून अल्टेप्लेज सोडलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती मोठी. इथे मूळ आजारावर आधी तुटून पडायचं. रक्त वाहत असेल तर प्लेटलेट 50,000 च्या आणि फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या वर ठेवायचं. फायब्रिनोजेनसाठी क्रायो, म्हणजे रक्तपेढीतून मिळणारं क्रायोप्रेसिपिटेट.

आता फुप्फुसाच्या गुठळीचा डोस. एकूण 100 मिलिग्रॅम, म्हणजे दोन खोकी: 10 मिलिग्रॅम एक-दोन मिनिटांत, उरलेले 90 दोन तासांत. वजन 65 किलोच्या खाली असेल तर एकूण डोस किलोमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही. 50 किलोच्या बाईला 75 पुरे. ही चूक सर्रास होते.

बाटली हलवायची नाही, हळू गोल फिरवायची. फेस आलाच तर काही मिनिटं तशीच ठेवा. डेक्स्ट्रोज चालत नाही, पातळ करायचं तर नॉर्मल सलाईनच. त्या लाइनमधून दुसरं कुठलंही औषध नको. लघवीची नळी आणि जास्तीची लाइन आधीच टाकून घ्या, नंतर टोचाटोची नको.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नळीत उरलेलं औषध. पंप संपल्याची शिट्टी वाजते तेव्हा लांब नळीत 15-20 मिली सहज असतं, आणि 1 मिलीत 1 मिलिग्रॅम या हिशेबाने तेवढे मिलिग्रॅम पेशंटला मिळालेलेच नसतात. त्याच वेगाने सलाईन सोडून ते आत ढकला.

परळच्या केमिस्टकडे नातेवाइकांना पाठवण्याआधी दोन्ही खोकी एकदम मिळतील का, ते फोनवर विचारून घ्या.