चहा की पाणी, दिवसभरात किती पाणी प्यायलो त्या हिशोबात काय धरायचं?
चहा-कॉफीने अंगातलं पाणी कमी होतं असं आपल्याकडे सर्रास सांगतात पण तसं नाहीये, कपात बहुतेक पाणीच असतं आणि रोज पिणाऱ्याला कॅफिनची (चहा-कॉफीतला लघवी वाढवणारा घटक) सवय झालेली असते त्यामुळे बरंचसं पाणी अंगात राहतंच. २०१४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना एकदा दिवसाला ४ कप कॉफी आणि एकदा तेवढंच पाणी देऊन बघितलं, खास फरक दिसला नाही. म्हणजे चहा धरा हिशोबात, बिनधास्त.

पण मे महिन्यात दादरचा ब्रिज घामाघूम होऊन उतरल्यावर कटिंगने भागत नाही हो, इवलासा ग्लास, त्यात साखर भरपूर. तिथे पाणीच प्या. जेवणासोबतही पाणीच बरं, चहाने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.