स्विफ्टची घरघर गेली, ४ स्टार (पाचवा का नाही ते शेवटी)

गाडी २०१४ ची स्विफ्ट, पेट्रोल. साठच्या पुढे काटा गेला की खालून घूंऽऽ असा आवाज आणि बायपासला उजवीकडे वळताना अजून वाढायचा. आधी जिथे नेत होते तिथलं नाव नाही घेत, मोठं प्रकरण आहे, एसीत बसवतात. दोनदा नेली आणि दोन्ही वेळा तिथला ॲडव्हायझर माझ्याशी बोलता बोलता माझ्या मागे कोणी पुरुष उभाय का ते बघत होता, शेवटी म्हणाला मॅडम मिस्टरांना फोन लावून द्या ना, त्यांना समजावतो. आमच्या मिस्टरांना कुलंट आणि रसना यातला फरक कळत नाही, पण असो. निदान काय, तर चारही टायर बदला, १६ हजार. टायर टाकून २ वर्षंही झाली नव्हती.

मग शेजारच्या काकूंनी पुण्यात वारज्याच्या आतल्या गल्लीतलं हे गॅरेज सांगितलं. बाहेरून काही विशेष नाही, पत्र्याची शेड, एक लिफ्ट, एक पिट, सगळी मिळून सात माणसं. मालक काका पन्नाशीचे, आधी आकुर्डीला कंपनीत होते. ते स्वतः माझ्याबरोबर बायपासला चक्कर मारून आले, मलाच चालवायला लावली, आणि आल्यावर भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर लिहिलं : ६० च्या पुढे आवाज, उजव्या वळणाला जास्त. मग ज्याच्याकडे गाडी दिली त्या फिटरला ऐकू येत नाही. जन्मापासून. मी मनात म्हणलं झालं, आवाजाची कम्प्लेंट आणि हा माणूस!

त्याने काय केलं, गाडी लिफ्टवर घेतली, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवलं. आधी उजवं, मग डावं. मग मला बोलावून माझा तळवा स्प्रिंगवर ठेवला आणि परत फिरवलं. उजवीकडे काहीच लागत नाही, गुळगुळीत. डावीकडे हाताला अगदी रवा चाळतोय असं. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकावर येतो म्हणून तेव्हा आवाज जास्त, हे त्याने दोन्ही हातांची गाडी करून, ती कलती करून दाखवलं आणि मला पहिल्यांदा नीट समजलं. बाकीचे मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसतात तिथे हा हाताने बघतो, आणि शेडमधे दुसरं इंजिन ढणढणत असलं तरी त्याला काही फरक पडत नाही.

बेअरिंग प्रेसवर, म्हणजे सरळ दाबून बसवायच्या मशीनवर, बसवलं. हे मुद्दाम लिहितेय कारण हातोड्याने ठोकून बसवणारे खूप आहेत आणि मग नवीन बेअरिंगपण लवकरच घरघरायला लागतं. बिल २,८५० झालं, पार्ट आणि लेबर धरून, जुनं बेअरिंग पिशवीत घालून हातात दिलं.

पण त्या दिवशी मी चार तास तिथे बसले होते आणि बसून जे बघितलं त्यासाठी हा रिव्ह्यू. तिथे कोणी ओरडत नाही. म्हणजे गॅरेजमधे ओरडणं नाही हे ऐकून मलाच खोटं वाटलं असतं. लिफ्ट खाली घ्यायची किंवा इंजिन चालू करायचं असेल तर आधी एक पिवळा बल्ब लुकलुकतो, सगळे हात बाहेर काढतात, मगच. फिटरला हाक ऐकू येत नाही म्हणून केलेलं, पण ग्राइंडर चालू असताना ऐकू तरी कोणाला येतं? बोर्डाचंही तसंच. कुठल्या गाडीला काय झालं, कोणता पार्ट यायचाय, नट किती घट्ट (टॉर्क) करायचा, सगळं बोर्डावर, त्यामुळे "मी त्याला सांगितलं होतं, तो विसरला" हा जो गॅरेजचा राष्ट्रीय डायलॉग आहे तो इथे चालतच नाही. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात वर्षातून एकदा इन्क्लूजनचं, म्हणजे सगळ्यांना सामावून घ्यायचं, ४५ मिनिटांचं ट्रेनिंग होतं, शेवटी क्विझ, सगळे उत्तरं एकमेकांना चॅटवर पाठवतात. तिथे कोणी बल्ब नाही लावला अजून.

एक मुलगी आहे, आयटीआयला मोटर मेकॅनिकचा २ वर्षांचा ट्रेड करून आलेली. ब्रेकचं सगळं काम तिच्याकडे. माझ्यासमोर एक गृहस्थ म्हणाले, कोणी माणूस नाहीये का बघायला? काका म्हणाले आहे की, समोर उभी आहे, ब्रेक तीच बघते, नाहीतर मी बघेन, पण मग नंबर सोमवारी लागेल. गृहस्थ थोडा वेळ मोबाईल बघत बसले आणि मग दिली चावी. हसू नका, आमच्या घरीपण तेच. माझे सासरे टेल्कोतले, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधले, १९७४ साली कंपनीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं आणि सुधा मूर्तींनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, ही गोष्ट ते पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. आणि मी घरी येऊन म्हणलं तिथे ब्रेक पॅड एक मुलगी बदलते, तर पहिला प्रश्न, "नीट घट्ट करते ना ती?"

ती यायच्या आधी तिथे संडास नव्हता. पुरुष मंडळी भिंतीमागे. काका म्हणे की संडास बांधायला गाडीतला बिघाड शोधायच्या स्कॅनरपेक्षा जास्त खर्च आला आणि पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वापरला कस्टमर बायकांनी. खरंय, मीपण वापरला, स्वच्छ आहे, कडी लागते, डस्टबिन आहे. भिंतीवरची ती टिपिकल कॅलेंडरं नाहीत, त्या जागी जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीचा पत्ता चिकटवलाय. दहापेक्षा कमी माणसं असली की कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्वतःची समिती लागत नाही, तक्रार तिकडे जाते. हे मला ऑफिसच्या ट्रेनिंगमुळे माहीत, गॅरेजमधे लावलेलं पहिल्यांदा बघितलं.

अजून एक, तिथे छोटू नाही. १८ च्या खालचं कोणीच नाही, आणि सर्वात लहान हेल्पर जो आझमगडचा आहे त्यालाही भैया कोणी म्हणत नाही, खिशावर शिवलेल्या नावाने हाक मारतात. चहाचे कप सगळ्यांना सारखेच. पेंटर शुक्रवारी १ ते अडीच नमाजला जातो, ते बोर्डावरच लिहिलेलं असतं त्यामुळे कस्टमरची चिडचिड नाही, आणि खंडेनवमीला लिफ्टला झेंडूचा हार घालायला शिडीवर तोच चढतो, कारण सगळ्यात उंच तो.

आता तक्रारी. स्लो आहेत. चार वाजता देतो म्हणाले आणि सात वाजले, बेअरिंग वेळेत आलं नाही. लेबर नाक्यावरच्या गॅरेजपेक्षा दीडदोनशेने जास्त. गल्लीत पार्किंगचे हाल. आणि एक जुना फिटर आहे तो त्या न ऐकू येणाऱ्या मुलाच्या खुणांची पाठीमागे नक्कल करून हसत होता, काकांनी बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मला ते आवडलं नाही आणि जाताना मी त्यांना तसं बोलले. "जुना माणूस आहे हो" म्हणाले. हे काय उत्तर झालं?

दुसरं मोठं. रात्रीच्या ब्रेकडाउनला मुलीला पाठवत नाहीत. काळजीपोटी असेल, पण ब्रेकडाउनला गेलं की वेगळा भत्ता मिळतो, म्हणजे महिन्याच्या शेवटी तिच्या हातात कमी पडतात. तिनेच सांगितलं, पाना पुसता पुसता, फार तक्रारीच्या सुरात नाही. दिवसाचे ब्रेकडाउन तरी तिला द्या किंवा दोघांना मिळून पाठवा म्हणलं काकांना. विचार करतो म्हणाले.

गाडी साडेनऊच्या आत न्या, नंतर लिफ्ट मिळत नाही. माझी दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला जाणारच आहे, तेव्हा भत्त्याचं विचारते आणि पाचवा स्टार द्यायचा का ते बघते.