“२१ दिवस क्वारंटाइन” सांगून आजारी कोई मासे गळ्यात मारले

बोरिवलीला गावठाणात आमचं जुनं बैठं घर आहे, मागच्या अंगणात बाबांनी बांधलेलं सिमेंटचं टाकं, दहा बाय सहा, तीन फूट खोल, त्यात सात कोई (रंगीत जपानी मासे), सगळ्यात मोठा आठ वर्षांचा, हातातून खायचा. मुलीला अजून हवे होते म्हणून व्हॉट्सअॅपवरच्या एका विक्रेत्याकडून सहा घेतले, ७२०० रुपये, जीपे आधी. “दादा २१ दिवस क्वारंटाइन केलेत, डायरेक्ट सोडा.” व्हिडिओ पण पाठवला.

थर्माकोलच्या खोक्यातून आले, पिशवीतलं पाणी निळंशार. म्हणे व्हिटॅमिन. अहो ते मिथिलीन ब्लू, औषध! आणि तेवढ्या निळ्यात माशाच्या अंगावरचं काही धड दिसत पण नाही. मी शहाण्याने पिशवी २० मिनिटं टाक्यात तरंगवली आणि पाण्यासकट ओतली. निदान जाळीने काढून सोडायचे होते, खरं तर तीन-चार आठवडे वेगळ्या ड्रममध्येच.

पाचव्या दिवशी जुने मासे भिंतीला अंग घासायला लागले, मग अंगभर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. यातला किडा ठिपक्यात असेपर्यंत औषध लागत नाही, तो खाली पडून फुटतो, शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात, तेव्हाच मरतात, म्हणून एकदा मीठ टाकून भागत नाही. टाकं ५००० लिटरचं, १५ किलो जाडं मीठ लागलं, वाणी विचारतो लोणची घालताय का एवढी. कमळाच्या कुंड्या बाहेर काढल्या त्या वेगळ्याच. तरी चार गेले, मोठा पहिला.

फोन केला तर म्हणतो “माझे सहाच्या सहा जिवंत आहेत ना? मग रोग तुमच्या पाण्यातला.” मला दोन दिवस ते पटलं पण होतं!! नंतर एका जुन्या मासेवाल्याने समजावलं, या रोगातून एकदा वाचलेला मासा सहसा पुन्हा तेवढा आजारी पडत नाही, पण रोग घेऊन येऊ शकतो.

मग भंगारात टाकताना खोक्याखाली रेल्वे पार्सलचं लेबल दिसलं, हावडा, तारीख डिलिव्हरीच्या दोन दिवस आधीची. कसले २१ दिवस! फोटो पाठवला, लगेच ब्लॉक.

परवा दुसऱ्या ग्रुपवर तोच व्हिडिओ आला, नंबर वेगळा, आता ३० दिवस म्हणतोय.