टाक्यांसाठी घेतलेला सिट्झ बाथ टब आणि सोबतचं सामान, नागपूरच्या मे महिन्यात

डिलिव्हरीनंतर खालच्या टाक्यांना आराम पडावा म्हणून कोमट पाणी भरून ज्यात बसतात त्या सिट्झ बाथ टबला साडेतीन स्टार, त्याच पिशवीत आलेल्या थर्मामीटरला पाच, आणि त्या मधे भोक असलेल्या गोल उशीला एक, तोही दुकानातले काका बोलायला चांगले होते म्हणून. आता सविस्तर सांगते, कारण माझी डिलिव्हरी व्हायच्या आधी मी शोधत होते तेव्हा सगळीकडे फक्त बाळाचे झबले आणि पाळणे, आईच्या खालच्या टाक्यांबद्दल कोणी धड बोलूनच नाही राहिलं.

नॉर्मल डिलिव्हरी म्हटलं की लोकांना वाटतं सुटली एकदाची, सिझर नाही ना झालं मग झालं. पण पहिलटकरणीला बहुतेक वेळा खाली टाके पडतातच, एकतर आपोआप फाटतं नाहीतर डॉक्टर कट देतात. त्यातही डिग्री असतात बरं का, पहिलीत फक्त वरची कातडी, दुसरीत आतला स्नायू, तिसरीत संडासच्या जागेचा स्नायू आणि चौथीत तिथल्या आतल्या अस्तरापर्यंत. माझे दुसऱ्या डिग्रीचे होते. तुमचे तिसऱ्या-चौथ्याचे असतील तर टबबिब नंतर, आधी डॉक्टरला विचारा की फॉलोअपला कधी यायचं आणि गॅस किंवा संडास रोखता येत नसेल तर ते लाजून लपवू नका. धागा विरघळणारा असतो, काढायला जावं लागत नाही, कधी कधी त्याचा तुकडा पॅडवर दिसतो तर घाबरायचं कारण नाही.

टब धंतोलीतल्या एका सर्जिकल दुकानातून आणला. नवरा गेला होता आणायला, आणि बाप्पा, त्याने दुकानात जाऊन जे खुणांनी सांगितलं ते ऐकून काकांनी आधी त्याला मूळव्याधीचं मलम काढून दिलं! मग फोनवर मीच बोलले. साडेतीनशेच्या आसपास पडला. साधा जाड प्लास्टिकचा उथळ टब आहे, कमोडची सीट वर करून नुसत्या भांड्याच्या कडेवर ठेवायचा, मागे खाचा आहेत त्यातून जास्तीचं पाणी कमोडमधेच पडतं, जमिनीवर सांडत नाही. सोबत एक पिशवी आणि नळी येते, पिशवी वर टांगायची आणि नळीतून कोमट पाणी टबात खेळतं ठेवायचं अशी आयडिया आहे. आमची नळी पहिल्याच दिवशी क्लिपपाशी गळायला लागली, ती फेकून दिली, तिच्यावाचून काही अडलं नाही. दीड स्टार कापला तो एक नळीचा आणि दुसरं म्हणजे आतल्या कडेला मोल्डिंगची एक बारीक धार राहिली होती. बोट फिरवलं तेव्हा कळली. आता विचार करा, टाके असलेली बाई त्याच्यावर बसणार! बाबांनी पॉलिश पेपरने घासून दिली. तुम्ही घेताना दुकानातच डबा उघडून बोट फिरवून पाहा.

अजून एक प्रॉब्लेम, तो कंपनीचा नाही आपल्या घरांचा आहे. माझं माहेर नागपूरच्या महाल भागात, जुनं घर, खाली इंडियन संडास, कमोड वरच्या मजल्यावर. टाके घेऊन जिने चढायचे म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. टब जमिनीवर ठेवून बसायचं तर उठताना सगळा ताण तिथेच येतो, ते मुळीच नको. काकांनीच सुचवलं की कमोडची खुर्ची भाड्याने घेऊन जा, म्हाताऱ्या माणसांसाठी असते ती, चार पायांची, मधे भोक. टब तिच्यात बरोबर बसला. हात टेकवायला दांड्या असल्यामुळे उठणं-बसणं सोपं झालं, आणि खरं सांगू, त्या खुर्चीचं भाडं मला टबाच्या किमतीपेक्षा जास्त वसूल झालं असं वाटते.

वापरायचं कसं तर कोमट पाणी, चार बोटं खोल, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा आणि संडासला जाऊन आल्यावर. मे महिन्यात नागपुरात पाणी गरम करायची गरजच नसते, दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी येते त्यात चहा पत्ती टाकली तरी चालेल. तेच नेमकं सांभाळायचं, तिथली कातडी सुन्न असते, पटकन भाजते, म्हणून आई आधी कोपर बुडवून पाहायची, बाळाच्या आंघोळीला पाहतात तसं. मी सकाळी लवकर एक बादली भरून झाकून ठेवायला लावायची आणि तेच पाणी वापरायची. बसून झालं की मऊ सुती कापडाने नुसतं टिपायचं, पुढून मागे, घासायचं नाही. मग पंख्याखाली थोडा वेळ मोकळं पडून राहायचं आणि मगच पॅड. कोरडं राहणं हे बसण्याइतकंच महत्त्वाचं आहे, त्यात आपल्याकडचा घाम.

पाण्यात काय टाकायचं यावर आमच्या घरात परिषद भरली होती. आत्या म्हणे डेटॉल, शेजारच्या काकू म्हणे तुरटी, मामी म्हणे मीठ. आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, साधं स्वच्छ पाणी, बस. डेटॉलने कातडी जळते, आणि मिठाने जखम लवकर भरते असं काही सिद्ध झालेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर ते टाका, काकूंनी सांगितलं म्हणून नका टाकू. टब दर वेळी साबणाने धुवून उन्हात वाळवायचा, ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

आराम पडतो का? हो, पडतो. आखडलेलं सगळं सैल होते, लघवीची जळजळ कमी होते. पहिल्या एक-दोन दिवसात मात्र कोमटपेक्षा थंड शेक बरा, बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, सूज उतरते. यावरून घरी ‘बाळंतिणीला गार लागलं तर जन्मभराचं दुखणं’ असा गजर झाला, तो मी कूलरसमोर बसूनच ऐकला.

उशीबद्दल. घेऊ नका. बसल्यावर वजन कडेवर येते आणि मधला भाग खाली ओढल्यासारखा वाटते, टाक्यांना ते जास्तच दुखते. मी कुशीवर झोपून दूध पाजलं, त्यातच निभलं. आणि ती धुवायची स्पेशल बाटली म्हणून जी मिळते ती पण नका घेऊ, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईने भोकं पाडा, लघवी करताना समोरून कोमट पाणी सोडत राहायचं, जळत नाही. संडासातल्या जेट स्प्रेपासून पहिले काही आठवडे लांब राहा, त्याचं प्रेशर म्हणजे माय!

आता थर्मामीटर. काकांनी बिल करताना विचारलं, ‘ताई, घरी ताप मोजायचं आहे का?’ नवऱ्याने दोनशे रुपये अजून घातले. आठवडाभर सगळं ठीक चाललं होतं, दुखणं रोज थोडं कमी. मग एक दिवस उलटं फिरलं, कालपेक्षा आज जास्त दुखते, ठणकते, आणि पॅड बदलताना वास. अंगावरून जाते त्याला वास असतोच थोडा, पाळीसारखा, पण हा वेगळा होता, कुजकट. संध्याकाळी अंग गरम लागलं. घरी लगेच निदान तयार! आई म्हणे दूध चढलं असेल, दुधाचा ताप. बाबा म्हणे ऊन लागलं, कैरीचं पन्हं करा, उशाशी कांदा ठेवा. मे महिन्यात नागपुरात कोणाचंही अंग गरम झालं की लू लागली हे ठरलेलंच असते, आणि मी तर घराबाहेर पायही ठेवला नव्हता. अंदाज नको, हात लावून पाहणं नको, थर्मामीटर लावला, एकशे एकच्या वर. बाळंतपणानंतर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, याच्यावर गेला की कारण काहीही वाटो, डॉक्टरला कळवायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर खालच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. हॉस्पिटलमधे हे तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं, फाइल हातात दिली आणि बिलाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. मी आकडा सांगितला तेव्हाच घरातली चर्चा थांबली. कांद्याशी वाद घालता येते, आकड्याशी नाही.

मॅडमनी पाहिलं, एका बाजूचे टाके पिकले होते आणि थोडे उकलले होते. साफ केलं, पू तपासायला पाठवला, छाती पण तपासली आणि लघवी पण, कारण ताप तिथूनही येऊ शकते. अँटिबायोटिक दिलं, दूध पाजणं बंद करायचं नाही असं स्पष्ट सांगितलं, दुखण्याला पॅरासिटामॉल. परत टाके नाही घातले. इन्फेक्शन असताना वरून शिवून टाकलं तर घाण आतच राहते, म्हणून उघडंच ठेवून तळापासून भरू देतात. वेळ लागला, पण भरलं. दोन-तीन दिवसात ताप गेला तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा. मी विचारलं टबात बसल्यामुळे झालं का, तर नाही म्हणाल्या, आणि टबाने बरं पण होणार नाही, टब आरामासाठी, इन्फेक्शनला औषधच लागते. ही ओळ त्या टबाच्या डब्यावर छापायला पाहिजे. डब्यावर काय लिहिलंय तर ‘इन्फेक्शनपासून संपूर्ण सुरक्षा’. हॅट!

ताप नसला तरी पू, वास, वाढत जाणारं दुखणं, टाके उघडल्यासारखे वाटणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, थंडी वाजून हुडहुडी भरली, दम लागला, छाती धडधडायला लागली, बरळल्यासारखं झालं किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर वेळ किती झाला ते पाहत बसायचं नाही, सरळ १०२ किंवा १०८ लावायचा. प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर नागपुरात सरकारी डागा आहे, मेडिकल आहे, मेयो आहे, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचं औषध-तपासण्या मोफत आहेत. आमच्याकडे भांडी करणाऱ्या मावशींची मुलगी डागालाच बाळंत झाली, तिच्याकडे आशा ताई घरी येऊन पाहून जात होत्या, तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या फेऱ्या असतात त्यांच्या. माझ्याकडे एवढा पैसा देऊन कोणी नाही आलं, एक मेसेज आला, तोही फीडबॅक फॉर्म भरा म्हणून.

धुरीचं पण सांगते. मालिशवाल्या बाई हाताच्या चांगल्या होत्या, पाय-कंबर मस्त मोकळी करून द्यायच्या, पण शेगडीवर ओवा-बाळंतशेप टाकून त्यावर मला उभं करायचं म्हणत होत्या. सुजलेल्या, बधिर जागेला निखाऱ्याची धग? नाही म्हटलं. धुरी खोलीत फिरवली, त्यांचाही मान राहिला. हात धुवा म्हटल्यावर मात्र चिडल्या. मी शाळेत सायन्स शिकवते त्यामुळे मला लगेच सेमेलवाइस आठवला, व्हिएन्नातला डॉक्टर, १८४७ मधे त्याने डॉक्टरांना बाळंतिणीला तपासायच्या आधी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, मरणाऱ्या बायका एकदम कमी झाल्या, तरी मोठमोठे डॉक्टर त्याच्यावर चिडलेच. तेव्हा बाईंचं काय मनावर घ्यायचं. मोरीपाशी साबण ठेवला, धुवायला लागल्या.

आणि ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नका हो. मे महिना, दूध पाजणं, वरून डिंकाचे लाडू, आणि पाणी कमी? संडास दगडासारखी होते आणि मग जोर लावला की टाक्यांचं काय होते ते मी लिहित नाही. मला पातळ करायचं औषध लिहून दिलं होतं, सोबत पपई आणि भरपूर पाणी, आणि संडासला बसताना पॅड हाताने टाक्यांवर हलकं दाबून धरायचं, ही नर्सची युक्ती, फार कामाची.

दुकानाबद्दल शेवटी. काका माहितीचे आहेत, गर्दीतही नीट बोलतात, बाईमाणसाने विचारलं तर आवाज खाली करून सांगतात. टब एकदा पॅक उघडला की परत घेत नाहीत, ते ठीकच आहे म्हणा, कोणाला चालेल वापरलेला. रविवारी बंद. खुर्चीचं डिपॉझिट घेतात, त्याची पावती सांभाळा, आमची लाडवाच्या डब्याखाली सापडली म्हणून बरं. आणि खुर्ची घेताना पायाचे चारही रबरी बूच आहेत का बघून घ्या, आमच्या खुर्चीचं एक नव्हतं, ओल्या फरशीवर सरकायची, फोन केला तर पोराच्या हाती दुसरं पाठवून दिलं, पैसे नाही घेतले.