गूगल फॉर्म पाठवायचा की दारोदार जायचं?

बेळगाव सीमाभागातल्या खानापूर, निपाणीकडच्या घरांत कोणती भाषा बोलतात, याचा सर्व्हे करायचाय. माझा कौल आधीच सांगतो: पहिली 15-20 घरं समोरासमोर बसून, फॉर्मचं नंतर बघू.

फॉर्म स्वस्त पडतो. रात्री व्हॉट्सॲपवर टाकला की सकाळी उत्तरं तक्त्यात हजर. समोर कुणी नसल्यामुळे उत्पन्नासारख्या नाजूक प्रश्नालाही माणूस मोकळेपणानं उत्तर देतो. पण तो भरतं कोण? बहुतेक कॉलेजची पोरं. निपाणीत विड्या वळणारी मावशी त्यात येतच नाही. आणि नुसता आकडा मोठा असून भागत नाही. 1936 साली एका अमेरिकी साप्ताहिकानं मतचाचणीसाठी 20 लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा केल्या, तरी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज साफ चुकला.

दारोदार जायला दिवस मोडतात, बसभाडं लागतं. पण "घरात कोणती भाषा बोलता?" विचारलं की आजी म्हणते, "आम्ही मराठी, सुनेशी कन्नड, नातवंडं दोन्ही." फॉर्ममध्ये एकाच गोलावर टिचकी मारायची असेल, तर हे उत्तर तिथंच मरतं. ते ऐकल्यावरच कळतं की प्रश्न तोडायला हवा: मोठ्यांशी कोणती, मुलांशी कोणती, बाजारात कोणती?

धोका मात्र आहे. मराठीत विचारणाऱ्याला इथं बऱ्याचदा 'मराठी' असंच सांगावंसं वाटतं, कन्नडमध्ये विचारणाऱ्याला 'कन्नड'. म्हणून प्रश्नावली दोन्ही भाषांत हवी, आणि कन्नड मजकूर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत मराठीत उतरवून ताडून घ्यावा.